जुनी बोट घेऊन शर्यतीत उतरावं का?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून सुचलाय. हे दादा मूळचे चाकणचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते, तिथून बदली होऊन गेली काही वर्षं अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतात. तिथे लेक सेंट क्लेअर नावाचं मोठं सरोवर आहे आणि तिथले लोक बास नावाच्या माशाच्या मागे वेडे आहेत. दादांनाही नाद लागला. त्यांनी तीसेक वर्षं जुनी एक बोट स्वस्तात घेतली, इंजिन स्वतः उघडून बसवलं, आणि आता क्लबच्या स्पर्धेत नाव द्यायचं मनात आहे. त्यांनी विचारलंय, "बाकीच्यांच्या बोटी चकाचक, लाखो रुपयांच्या. माझी जुनी. मी उतरलो तर हसं होईल का? इतिहासात असं कुणी केलंय का?"

प्रश्न मासेमारीचा आहे, पण मला तो आपल्या पट्ट्यातला वाटला. भोसरी, कुदळवाडी, तळवडे, चाकण, कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये जा. दुसऱ्या हाताने घेतलेलं, कुणीतरी मोडीत काढलेलं लेथ मशीन दिसेलच. त्याच मशीनवर काढलेला पार्ट मोठ्या कंपनीच्या तपासणीत पास होतो. मी स्वतः बारा वर्षं टूलरूममध्ये काढलीत. जुन्या मशीनवर काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते: तपासणारा काय मोजणार आहे, हे आधी विचारायचं. तो पार्ट मोजणार असेल तर आपण स्पर्धेत आहोत. तो मशीनचं वय मोजणार असेल तर आपण आधीच बाहेर.

शर्यतींचंही तसंच असतं. जुनी बोट टिकणार की नाही, याचा निम्मा निकाल पाण्यात उतरण्याआधी नियमांच्या कागदावर लागलेला असतो. आज आपण तीन कागद बघू. एक मासेमारीचा, दोन वल्ह्यांच्या शर्यतीचे. आणि मग दापोडीला येऊ.

रे स्कॉटचा कागद

बास हा गोड्या पाण्यातला मासा. आपल्या पवनेत किंवा भामा-आसखेडमध्ये तो नाही. आमिषावर झडप घालतो, गळाला लागल्यावर जोरदार झुंजतो, म्हणून हौशी लोकांना आवडतो. त्याच्या स्पर्धा आज ज्या रूपात दिसतात त्या रे स्कॉट नावाच्या माणसाने उभ्या केल्या. हा गृहस्थ अलाबामा राज्यातल्या माँटगोमरीचा विमा एजंट. १९६७च्या जूनमध्ये त्याने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा घेतली. १०६ जण आले, प्रत्येकी प्रवेश फी १०० डॉलर. पुढच्याच वर्षी, १९६८ला, त्याने बास मासेमारांची संघटना काढली.

त्या काळात स्पर्धेत दोन स्पर्धकांची चिठ्ठ्या टाकून जोडी लावत आणि दोघं एकाच बोटीतून जात. बोट कुणाची, हे आपसात ठरवायचं. म्हणजे तुमची बोट जुनी असली तरी जोडीदाराची चांगली असू शकायची. गावाकडच्या जत्रेत कुस्तीची जोड लावतात, त्यात थोडं नशीब असतं, तसंच हे.

मग १९७१ साली स्कॉटने वर्षभरातल्या उत्तम स्पर्धकांची अंतिम स्पर्धा जाहीर केली. तिला पुढे 'बासमास्टर क्लासिक' हे नाव प्रसिद्ध झालं. २४ जण निवडले. त्यांना विमानात बसवलं आणि कुठे चाललोय हे विमान उडाल्यावर सांगितलं: नेवाडातलं लेक मीड. म्हणजे आधी जाऊन जागा हेरून ठेवायची सोय नाही. आणि सगळ्यांना एकसारख्या बोटी दिल्या. बक्षीस १०,००० डॉलर, ते एकट्या विजेत्याला. बॉबी मरे नावाचा आर्कान्साचा माणूस जिंकला.

स्कॉट काही संत नव्हता, पक्का धंदेवाईक होता. बोटी आणि गळ बनवणाऱ्या कंपन्या त्याच्या स्पर्धांवर मोठ्या झाल्या. पण त्या पहिल्या वर्षी त्याने एक गोष्ट ओळखली होती. लोकांना बघायचं होतं की सर्वात चांगला मासेमार कोण. सर्वात चांगली बोट कुणाकडे आहे, हे त्यांना दुकानात जाऊनही कळलं असतं.

आता दादांचं उत्तर. बासच्या स्पर्धेत बोट तीन ठिकाणी लागते. पहिलं, सकाळी सुटल्यावर मासे असलेल्या जागेपर्यंत पोचायला. इथे मोठं इंजिन असलेला पुढे जातो. मोठ्या स्पर्धांमध्ये इंजिनाला २५० हॉर्सपॉवरची मर्यादा असते, पण तीही प्रचंडच. दुसरं, पकडलेले मासे दिवसभर जिवंत ठेवायला. १९७२पासून स्कॉटने मासे जिवंत परत पाण्यात सोडायची चळवळ सुरू केली. त्यामुळे बोटीत पाणी खेळती ठेवणारी टाकी लागते आणि मासा मेला तर वजनातून दंड कापतात. तिसरं, वेळेत परत यायला. उशीर झाला की तिथेही वजन कापलं जातं.

प्रत्यक्ष गळ टाकायचं काम मात्र बोट जवळपास थांबलेली असताना होतं. पुढच्या टोकाला एक छोटी विजेची मोटर असते, तिच्यावर बोट हळूहळू सरकवायची. तिथे बोटीचं वय कुणी विचारत नाही, माशाला तर ते कळतही नाही. म्हणून दादा, तुम्ही लांबची जागा सोडा आणि जवळचं पाणी चांगलं वाचा. पैसे घालायचेच असतील तर रंगात घालू नका. टाकीचा पंप, बॅटऱ्या, जुनं वायरिंग आणि ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग बघा. जुनी बोट हरते ती बहुतेक वेळा अशा शंभर रुपयांच्या वस्तूमुळे. लाइफ जॅकेट आणि इंजिन बंद करणारी सेफ्टीची दोरी, यात मात्र काटकसर नाही.

क्लॅस्परची हार

"इतिहासात असं कुणी केलंय का?" याचं उत्तर शोधायला मासेमारी सोडून वल्ह्यांच्या शर्यतीकडे यावं लागतं, कारण तिथे जुन्या बोटीची गोष्ट जास्त जुनी आहे.

वल्ह्यांची शर्यत म्हटली की आपल्याला ऑक्सफर्ड-केंब्रिज आठवतं. ती शर्यत १८२९ला सुरू झाली. पण वल्ही मारणं हा मुळात मजुरांचा धंदा. लंडनच्या टेम्स नदीवर प्रवासी नेणाऱ्या नावाड्यांची 'डॉगेट्स कोट अँड बॅज' ही शर्यत १७१५पासून चालत आलीय. बक्षीस म्हणून एक लाल कोट आणि चांदीचा बिल्ला.

इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नदी आहे, कोळशाच्या खाणींचा आणि जहाजबांधणीचा भाग. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथली पिंपरी-चिंचवड. तिथे हॅरी क्लॅस्पर नावाचा कामगार होता. लहानपणी खाणीत काम, पुढे सुतारकाम. भावांना घेऊन तो शर्यतीत उतरायचा. १८४२ साली लंडनहून रॉबर्ट कूम्ब्सचा संघ आला आणि क्लॅस्परच्या संघाला त्यांच्याच नदीवर हरवून गेला. लंडनवाल्यांची बोट हलकी होती, यांची जड आणि जुन्या घडणीची.

क्लॅस्परने ती बोट नीट आठवली आणि स्वतः बोट बांधायला बसला. तोवर वल्हं बोटीच्या काठावरच टेकवत, त्यामुळे बोट रुंद ठेवावी लागे. वल्ह्याला पुरेशी लांबी मिळायची असेल तर टेकू बोटीच्या मधल्या रेषेपासून दूर हवा. काठाच्या बाहेर लोखंडी हात काढले आणि टेकू तिथे नेला, तर बोट अरुंद करता येते. ही कल्पना आधीही कुणी कुणी करून बघितली होती. क्लॅस्परने ती शर्यतीत चालेल अशी बनवली. १८४५ साली तो भावांसोबत लंडनला गेला आणि टेम्सवर जिंकून आला. १८७०मध्ये तो वारला तेव्हा न्यूकॅसलच्या रस्त्यांवर अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली.

या गोष्टीत मला आवडतं ते हे की क्लॅस्परकडे बोट विकत घ्यायला पैसा नव्हता, पण रंधा होता. आणि नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं की हाताने काम करणाऱ्याने यायचं नाही.

ते नंतर लिहिलं गेलं.

हातावरून माणूस मोजणारा नियम

टेम्सवरच हेन्ली नावाच्या गावी १८३९पासून शर्यती होतात. आजही त्या प्रतिष्ठेच्या मानतात. १८७९ साली हेन्लीच्या कारभाऱ्यांनी 'हौशी खेळाडू' कोण, याची व्याख्या केली. पैशासाठी शर्यत मारणारा हौशी नाही, हे एक वेळ समजू शकतो. पण व्याख्येत आणखी एक कलम होतं. जो पोटासाठी मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर म्हणून काम करतो किंवा पूर्वी कधी केलंय, तोही हौशी नाही. म्हणजे शर्यतीत बंदी.

जरा थांबून विचार करा. आज हे कलम लावलं तर आपल्या पट्ट्यातलं कोण उरेल? फिटर गेला, टर्नर गेला, वेल्डर गेला, आयटीआय करून लागलेला पोरगा गेला. कारण काय दिलं जायचं, तर शारीरिक काम करणाऱ्याच्या अंगात आधीच ताकद असते, त्यामुळे शर्यत न्याय्य राहत नाही. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. क्लॅस्परसारखे लोक जिंकत होते.

या कलमाचा सर्वात गाजलेला किस्सा १९२०चा. जॉन केली नावाचा फिलाडेल्फियाचा गवंडी, तेव्हा अमेरिकेतला सर्वोत्तम वल्हेकरी. त्याने हेन्लीला अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. दोन कारणं होती. त्याच्या क्लबशी हेन्लीचं जुनं भांडण होतं, आणि तो विटा रचायचं काम केलेला होता. त्याच उन्हाळ्यात अँटवर्पला ऑलिंपिक झालं. एकट्याच्या शर्यतीच्या फायनलमध्ये केलीसमोर होता इंग्लंडचा जॅक बेरेसफर्ड, त्या वर्षीचा हेन्लीचा विजेता. केली एका सेकंदाने जिंकला. अर्ध्या तासाने चुलतभावासोबत दोघांच्या शर्यतीतही सुवर्णपदक घेतलं. पुढे त्याच्या मुलाने १९४७ला हेन्लीची तीच शर्यत जिंकली. त्याची मुलगी म्हणजे हॉलिवूडची ग्रेस केली.

१९३६ला ऑस्ट्रेलियाचा आठ जणांचा ऑलिंपिक संघ हेन्लीला आला. सगळे पोलीस. त्यांनाही नकार मिळाला. त्यावर एवढा गवगवा झाला की १९३७मध्ये ते कलम काढावं लागलं. जवळजवळ अठ्ठावन्न वर्षं ते टिकलं होतं. या काळात कारखान्यात राबणाऱ्या किती पोरांनी नदीकाठी उभं राहून "हा आपला खेळ नाही" असं मनाशी म्हटलं असेल, याची कुठे नोंद नसते.

बोट बंद करणारा नियम

तिसरा कागद नेमका उलट्या दिशेचा आहे.

शर्यतीच्या बोटीत खुर्ची सरकते. वल्हेकरी पाय ताणून मागे जातो, मग गुडघे दुमडून पुढे येतो. त्याचं ऐंशी-नव्वद किलो वजन प्रत्येक फटक्याला पुढे-मागे होतं आणि त्या धक्क्याने बोटीचा वेग सारखा कमी-जास्त होतो. मग काहींनी उलटा विचार केला. खुर्ची स्थिर ठेवायची आणि पाय टेकायची फळी व वल्ह्यांचे हात, हे दोन्ही सरकते करायचे. आता पुढे-मागे होणारं वजन अगदी थोडं. बोट सपाट, एका चालीत जाते. १९८१ला पश्चिम जर्मनीच्या पीटर-मिखाएल कोल्बेने अशी बोट घेऊन जागतिक विजेतेपद मिळवलं. १९८३पर्यंत एकट्याच्या शर्यतीच्या फायनलमधले सगळेच अशा बोटीत दिसू लागले.

आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय रोइंग महासंघाने ही रचना बंद केली. ती धोकादायक नव्हती. तिच्यात फसवणूकही नव्हती. कारण खर्चाचं होतं. ही रचना चालू राहिली असती तर जगभरातल्या क्लबांच्या शेडमधल्या सगळ्या बोटी एका झटक्यात भंगारात गेल्या असत्या. श्रीमंत देशांनी नव्या घेतल्या असत्या. बाकीचे किनाऱ्यावर राहिले असते.

याच विचाराचा दुसरा नियम म्हणजे बोटीचं किमान वजन. एकट्याची बोट १४ किलोपेक्षा हलकी चालत नाही. कुणी कार्बन फायबरची अकरा किलोची बनवली तरी वजनं बांधून १४ करावीच लागते. आठ मीटरपेक्षा लांब बोट आणि वजन १४ किलो. आपल्या घरातला भरलेला गॅस सिलिंडर याच्या दुपटीहून जड असतो.

आता जुन्या बोटीचं गणित. समजा बोट जुनी आहे, दुरुस्त्या करून करून १८ किलोची झालीय. वल्हेकरी नव्वद किलोचा. एकूण वजन साधारण चार टक्क्यांनी वाढलं. बोट थोडी खोल बसते, पाण्याला घासणारा पृष्ठभाग थोडा वाढतो. ढोबळ हिशेब केला तर सात मिनिटांच्या शर्यतीत हा फटका दोन-तीन सेकंदांचा. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये दोन सेकंद फार, केली एका सेकंदाने जिंकला होता. पण राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर, शिकणाऱ्या पोरासाठी, दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. तेवढे तो महिनाभराच्या सरावात भरून काढतो.

वजनाहून मोठा शत्रू म्हणजे सैलपणा. वल्हं ज्या कडीत बसतं तिचं बुश झिजतं आणि वल्ह्याचं पातं पाण्यात शिरतानाचा कोन बदलतो. हा कोन चार अंशांच्या आसपास ठेवतात. दोन अंश इकडेतिकडे झाले की पातं एक तर खोल जातं नाही तर पाण्यावरून घसरतं. लोखंडी हाताचे बोल्ट ढिले असतील तर निम्मी ताकद धातू वाकवण्यात जाते. खुर्चीच्या चाकात रेती गेली तर तेही संपलं. हे सगळं दहाच्या पान्याने, शिम टाकून, मोजपट्टी लावून दुरुस्त होतं. आपल्या भागातला कुठलाही चांगला फिटर अर्ध्या दिवसात शिकेल असं काम.

दापोडी

आता घरी येऊ.

पुण्यात रोइंग इंग्रजांनी आणलं. रॉयल कनॉट बोट क्लब १८६८चा. बंडगार्डनला सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बंधारा झाला होता, त्यामुळे मुळा-मुठेचं पाणी अडून राहायचं आणि बोटींना सलग पट्टा मिळायचा. क्लब साहेबांचा. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजने, म्हणजे सीओईपीने, संगमाजवळ १९२८ला आपला बोट क्लब काढला. त्यांचा रेगाटा आजही होतो आणि आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरांनी पहिलं वल्हं तिथे धरलंय. पण त्यासाठी त्या कॉलेजात प्रवेश मिळायला हवा.

आपल्या पिंपरी-चिंचवडला नद्या तीन. मधून पवना, एका कडेला मुळा, दुसऱ्या कडेला इंद्रायणी. १९५४ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, आणि नदीकाठची गावं कामगारांच्या वस्त्या झाल्या. नद्यांचं काय झालं ते तुम्ही रोज पुलावरून बघता. उन्हाळ्यात पवनेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा, आळंदीला इंद्रायणीवर फेस. थेरगावला केजूदेवी बंधाऱ्यापाशी महापालिकेचा बोट क्लब आहे, पण तो सहलीला जाऊन होडीत बसण्यासाठी. शर्यत शिकण्यासाठी नाही.

आणि तरीही, भारतातलं रोइंगचं एक मोठं केंद्र आपल्याच हद्दीत आहे. दापोडीचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, आपण ज्याला सीएमई म्हणतो. १९४८ला ही संस्था रुरकीहून इथे आली. तिच्या आवारात शर्यतीसाठी केलेला लांब जलमार्ग आहे, तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि लष्कराचं रोइंगचं प्रशिक्षण केंद्र तिथेच आहे. पुणे-मुंबई रस्त्याने जाणारे आपण लाखो लोक त्या भिंतीशेजारून जातो. भिंतीपलीकडे काय चालतं हे फार थोड्यांना माहीत असतं.

तिथे तयार झालेला एक मुलगा म्हणजे दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. दुष्काळी भाग. वडील विहिरी खोदायचे, दत्तूही ते काम करायचा. २०११ला वडील गेले. २०१२ला तो सैन्यात भरती झाला, बॉम्बे सॅपर्समध्ये. त्याची उंची बघून प्रशिक्षकांनी त्याला रोइंगला घेतलं. पाण्याची आधी भीती वाटायची, असं त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलंय. आणि का वाटणार नाही? ज्याने पाणी बघितलं ते विहिरीच्या तळाशी, त्याला दोन किलोमीटर पाण्यावर एकट्याने जायचं होतं, तेही जेमतेम फूटभर रुंद बोटीतून.

२०१५ला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं. २०१६ला दक्षिण कोरियातल्या चुंगजूला पात्रता फेरीत दुसरा आला आणि रिओ ऑलिंपिकला गेला. भारताचा तिथला तो एकटाच रोइंगपटू. त्या दिवसांत त्याची आई गंभीर आजारी होती. रिओत उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला, पुढे जायला पहिल्या तिघांत यावं लागायचं. शेवटच्या शर्यतीत ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांची वेळ देऊन तो एकूण तेरावा ठरला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत एकट्याच्या फायनलमध्ये सहावा, म्हणजे शेवटचा. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या शर्यतीत सुवर्ण. २०२०ला अर्जुन पुरस्कार.

१८७९चं कलम लावलं असतं तर विहीर खोदणाऱ्या दत्तूला हेन्लीच्या किनाऱ्यावरही उभं केलं नसतं. ते कलम गेलं. महागड्या बोटीची शर्यतही १९८३ला काही अंशी रोखली गेली. कागदावर आज खेळ खुला आहे. तरी दत्तूला बोट मिळाली ती भरती झाल्यावर. तो भरतीत नापास झाला असता तर त्याच्या ताकदीचा पत्ता कुणालाच लागला नसता.

मला अडतं ते इथेच. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, भोसरीतली पोरं. नदी दारात आहे, पण तिच्यात उतरता येत नाही. जलमार्ग भिंतीपलीकडे आहे, तो लष्कराचा, आणि तसा तो असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. मधली पायरी गायब आहे. जगभर ही मधली पायरी जुन्या बोटींवर चालते. मोठ्या क्लबने नवी बोट घेतली की जुनी छोट्या क्लबकडे जाते, तिथून शाळेकडे. पोरं जड, टाके घातलेल्या बोटीवर शिकतात, त्यातला एखादा पुढे जातो.

आपल्याकडे या साखळीला लागणारी माणसं भरपूर आहेत. फायबरग्लासचं काम करणारे, अॅल्युमिनियम वेल्डर, टूलरूमवाले. जुनी बोट दुरुस्त करणं ही आपल्या पट्ट्यासाठी अडचणच नाही. अडचण पाण्याची आहे. वर्षातले आठ महिने जलपर्णी आणि वास नसलेला एक-दोन किलोमीटरचा पट्टा पवनेवर मिळाला, तर बाकीचं लोक उभं करतील असं मला वाटतं. नदी सुधारायच्या योजनांमध्ये काठावरचे बाक आणि दिवे असतात. त्यात एक ओळ अशी असावी की या पाण्यावर पोराला बोट टाकता आली पाहिजे. कारण ती टाकता आली, तर पाणी खरोखर स्वच्छ झालंय हे तपासायला वेगळा अहवाल लागणार नाही.

डेट्रॉइटच्या दादांना एवढंच सांगतो की नाव देऊन टाका, आणि नियमांची पुस्तिका आधी पूर्ण वाचा.

आणि इथल्या श्रोत्यांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी साठ-सत्तरच्या दशकात पवनेत किंवा इंद्रायणीत होडी चालवली असेल, पोहायला शिकलं असेल, मासे धरले असतील, तर त्यांना बोलतं करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. पाणी कुठपर्यंत असायचं, कुठल्या घाटावरून उतरायचे, तळ दिसायचा का, हे सगळं विचारा. त्या माणसांची वयं आता वाढत चाललीत. पुढचा एक भाग त्यांच्याच आवाजात करायचा विचार आहे.